आप्पा जिथं जाऊन राहिले

आप्पांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही आणि आईचं सगळं तिथूनच बिनसलं.

मला यवतला दिलेली. हायवेच्या कडेला आमचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, पिको-फॉल सगळं तिथंच. दिवसभर मशीन चालू आणि माझं तोंडही चालू. माहेर मांडवगण फराट्याचं. मेलेल्या माणसाच्या मनातलं कावळ्याला कळतं यावर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण सगळं गाव भीमेच्या काठावर उन्हात उभं राहून एका बाभळीकडं डोळे लावतं, तेव्हा विश्वास नसलेला माणूसही बाभळीकडंच बघतो. मीही बघत होते.

आमच्याकडं दहाव्याला पिंड मांडायचा आणि कावळ्याची वाट बघायची. तो आला नाही तर मेलेल्याची काहीतरी इच्छा मागं राहिली असं धरतात. मग घरातल्या एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. माझा धाकटा भाऊ पुढं झाला, "आप्पा, आईला अंतर देणार न्हाई." कावळे बाभळीवरच. चुलते म्हणाले, "बांधाचं भांडण मिटिवतो, जा आता." कावळे तिथंच. कुणी पळत जाऊन आप्पांना आवडायची म्हणून खारी आणली, कुणी तंबाखूची चिमूट ठेवली. मीही पुढं झाले आणि काहीबाही बोलले. आई तेवढी गप्प उभी होती. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला उठली. माझ्या मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "शिवंल कसा? जाळलंच न्हाई ना त्यांना." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण दहाव्याच्या ठिकाणी भांडायचं तरी कसं, म्हणून दात आवळून बसले.

बाई खोटं बोलत नव्हती. आप्पांना जाळलं नव्हतं. आप्पांनी देहदान केलं होतं.

आता आप्पा कोणी सुधारक वगैरे नव्हते. ऊस, कांदा, दोन म्हशी, सप्ताहात पहिल्या ओळीत बैठक, एकादशीला शाबू. घरातून निघताना मांजर आडवं गेलं तर चप्पल काढून परत पायरीवर बसणारा माणूस. त्यांच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं ते आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, "मी मेलो की मला पुण्याच्या त्या डॉक्टरकीच्या कॉलेजात द्यायचं." भाऊ हसला. त्याला वाटलं कीर्तनात कुठंतरी ऐकून आले असतील. मग खरंच सही करून आले तेव्हा त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "आप्पा, द्यायचंच आसंल तर जवळ बी कॉलेज हायती. गाडी कशाला एवढी लांब पळवायची?" तर आप्पा एकदम ताट सरकवून उठले. "तिथंच. दुसरीकडं नेलं तर बघा." एवढा राग कशाचा, हेही कळलं नाही. आई चुलीपुढं बसून होती, तिनं मान वर केली नाही.

आप्पा गेले तेव्हा गाडी आली, दोन माणसं उतरली, स्ट्रेचरवर घेतलं आणि गेली. संपलं. अंगणातल्या बायकांनी रडायला सुरुवात केली होती, त्या अर्ध्यातच थांबल्या. तिरडी नाही, खांदा नाही, मडकं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडं सावडायला जातात, म्हणजे चितेची राख आणि अस्थी गोळा करायच्या. हल्ली ती राख नदीत न टाकता शेतात खड्डा घेऊन त्यात टाकतात आणि वर झाड लावतात. भावानं बांधाला खड्डा घेतला, नर्सरीतून केशर आंब्याचं रोप आणलं. सगळे खड्ड्याभोवती उभे. आई पुढं आली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "ह्यात काय हाय?" भावानं घाईघाईनं माती लोटली.

मग दहावा तसा झाला. माइकवरून पुढाऱ्यांनी आप्पांना आदर्श म्हटलं, दोघातिघांनी आम्हीही देहदान करणार असं जाहीर केलं, आणि नंतर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आईनं त्या दिवसापासून गोडाला हात लावला नाही. दिवाळीत भाकरी आणि ठेचा. पुतण्याच्या लग्नाला गेली नाही. दर अमावास्येला कौलावर कावळ्याला घास ठेवायचा आणि खाली उभं राहून बघत राहायचं. ती वाळत चालली. मी गेले की एकच धोशा: "मला तिथं ने. एकदा बघू दे."

मला वाटायचं, तिला आप्पांना बघायचंय. कुठल्याही बाईला वाटेल तेच. आणि माझी पाचावर धारण बसायची. तिथं त्यांना कसं ठेवलं असेल, कुठं कुठं कापलं असेल, हिनं ते बघितलं तर ही तिथंच पडेल. भावाला विचारलं तर तो खेकसला, "आक्का, तिथं काय आप्पा खुर्चीत बसल्यात का, च्या पीत? मी येणार न्हाई." मीच कॉलेजात फोन लावला. पलीकडच्या माणसानं नीट सांगितलं की दान केलेले देह कुणालाही दाखवत नाहीत. पण त्यांचं शरीररचनेचं संग्रहालय आहे, ते अमुक दिवशी लोकांना बघायला उघडं असतं, तेव्हा या. मी आईला सांगितलं, "आप्पा न्हाई दिसायचे. नुसती हाडं न् बरण्या हायेत." ती म्हणाली, "चालंल." आणि आदल्या दिवशी पिशवी घेऊन यवतला हजर झाली.

सकाळच्या एस्टीनं गेलो. आईनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. सोयरिकीला निघाल्यासारखी ती ताठ बसली होती. मी म्हटलं, काही खाऊन घे. म्हणाली, आल्यावर.

कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीत जिना चढून गेलं की मोठा हॉल. आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. औषधाचा, डोळ्यांत चरचरणारा, आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर. मी पदर नाकाला लावला. आईनं लावला नाही. दारात एक तरुण डॉक्टर मॅडम होती, पांढऱ्या कोटात, समजुतीची. आम्ही गावाकडच्या आहोत बघून ती आमच्याबरोबर चालायला लागली.

बघितलं ते सांगते, पण सगळं नाही सांगवत. पहिल्यांदा हाडांचे सापळे, दाराशी टांगलेले. त्याचं मला काही वाटलं नाही, चित्रात बघितलेलं असतं. मग कपाटं सुरू झाली. काचेच्या बरण्या, पिवळट पाणी, आणि त्यात आपण रोज अंगात घेऊन हिंडतो ते एकेक. काळं पडलेलं फुफ्फुस. आतडी. मधोमध उभं चिरलेलं डोकं, त्याला अर्धं नाक, अर्धे ओठ, आणि ओठांवर मिशीचे खुंट. एक हात कोपरापासून, कातडी सोललेला, पण नखं तशीच. नखात जरा माती असल्यासारखं मला दिसलं. ह्या हातानं कुणीतरी जेवलेलं. मी भिंतीला धरून उभी राहिले.

हॉलच्या मधे लांब काचेच्या पेटीत अख्खा माणूस होता. वाळवून टिकवलेला, वरचं कातडं काढलेलं, तपकिरी. पुरुष. आप्पांएवढाच उंच. मॅडम म्हणाली, "हे खूप जुने आहेत हं, घाबरू नका." मी आईचा दंड धरला, आता ही कोसळणार म्हणून. पण आईनं त्या पेटीकडं ओझरतं बघितलं आणि पुढं निघाली. पुढं अजून एक देह होता, त्याच्याकडं तर बघितलंही नाही. तिथं दोन कॉलेजची पोरं पेटीला टेकून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढत होती, जीभ बाहेर काढून. मी म्हटलं, "ए, घरी आज्याच्या तिरडीशेजारी उभा राहून काढ की असा!" पोरं पसार झाली. मॅडमला बरं वाटलं असावं.

आई थांबली आणि मॅडमला म्हणाली, "बाई, ल्हान पोरं कुठं ठेवल्यात?"

मला वाटलं ती चक्रावली. मॅडमही जरा गोंधळली. मग तिनं आम्हाला कोपऱ्यातल्या कपाटाशी नेलं. "बघवणार नाही आजी," ती म्हणाली. आई म्हणाली, "बघवंल."

त्या कपाटात बाळं होती. बोटाएवढ्यापासून पुऱ्या दिवसांपर्यंतची, एकेका बरणीत एकेक. गुडघे पोटाशी घेतलेली, डोळे मिटलेले. खालच्या फळीवरची सगळी व्यंगाची. एकाला दोन तोंडं. एकाचे पाय एकात एक. आणि तीन-चार अशी, ज्यांना कपाळाच्या वर डोकंच नव्हतं. भुवयांपाशीच संपलेली, डोळे वर आलेले. बाकी अंग सगळं नीट, बोटं, बेंबी, पायांच्या तळव्यावर रेघासुद्धा. पाण्यात राहून राहून पिठासारखी पांढरी झालेली.

आई खाली बसली. फरशीवर मांडी घालून, कपाटाच्या काचेसमोर. खालच्या फळीवरच्या त्या बिनडोक्याच्या बाळांकडं एकेक करून बघत राहिली. मग मला म्हणाली, "ह्यातली आपली कुठली आसंल गं?"

मी म्हटलं, "आपली म्हणजी?"

"तुझ्या पाठची."

मला आठवत होतं. मी शाळेत जायला लागले होते. आईला कळा आल्या, गावातल्या सुईणीनं हात टेकले, आणि आप्पा तिला जीपगाडीतून पुण्याला, ह्याच कॉलेजच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. बऱ्याच दिवसांनी आई आली ती मोकळ्या हातानं, छातीला फडकं घट्ट बांधून. मी विचारलं, बाळ कुठंय, तर आत्या म्हणाली देवाघरी. पुन्हा कुणी काढलं नाही. नंतर भाऊ झाला आणि सगळं विसरलं गेलं. मी तरी विसरले होते.

आई फरशीवर बसूनच सांगत होती, हळू आवाजात, शेजारणीला सांगावं तसं. "पोरगी हुती. मला दावली न्हाई. डोस्कं न्हाई तिला, म्हनली नर्स. तुझं आप्पा म्हनलं, नदीच्या कडंला पुरून आलो. म्या कितीक वर्सं तिथं हळद-कुक्कू वाहत हुते, पाण्याला जाता-येता. आन् म्हातारपणी एक दिस मला म्हनलं, तिथं काय न्हाई, नको वाहू. डॉक्टरनं मागितली, पोरास्नी शिकायला व्हईल म्हनला. आप्पा म्हनलं, म्या मान हलिवली. घरापतूर एवढ्या लांब कपड्यात गुंडाळून कशी आणू, जीपवाला आणू देईना, आन् तू तिकडं बेसुद. म्या दिऊन टाकली. ती तिथंच हाय, बरणीत. तुझं आप्पा लई रडलं त्या दिशी. म्हनलं, एवढी वर्सं एकली हाय ती. कुणाचं म्हणून कुणी न्हाई. मी जातो तिथं."

म्हणजे हे होतं. ताट सरकवून उठलेले आप्पा, "तिथंच" म्हणून ओरडलेले आप्पा. मला आधी रडू नाही आलं, राग आला. एवढ्या वर्षांत मला एका शब्दानं नाही! माझी बहीण होती ती. मी ब्लाऊज शिवत बसले, हसले-खिदळले, आणि ती इथं या पाण्यात. आणि ती ह्यातली कुठली हेसुद्धा सांगता येत नव्हतं. बरणीवर नुसते आकडे.

मॅडम जरा लांब उभी होती. तिनं ऐकलं असेल, बिचारी खाली बघत होती. आईनं पिशवीत हात घातला आणि एक डबी काढली. काजळाची. घरी दिव्यावर धरलेलं काजळ, आमच्याकडं बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतात ते. कपाटाचं दार बंद होतं. तिनं बोट काजळात बुडवलं आणि बाहेरच्या काचेवर, पहिल्या बाळाच्या गालाच्या समोर येईल असा ठिपका लावला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. आपली कुठली ते कळेना, म्हणून मग सगळ्या फळीला तीट लावली, दोन तोंडांच्या बाळाला दोन. वरच्या फळीपर्यंत हात पोचेना तेव्हा मला म्हणाली, "तू लाव." मी लावली. मागून शिपाई आला, "ओ मावशी, काचेला हात..." मॅडमनं त्याला हातानंच थांबवलं.

उठता उठता आईनं मॅडमला विचारलं, "आमचं मालक गेल्या साली हितं आल्यात. त्येंना कुठं ठिवलंय? लांबूनच इचारते, बघायचं न्हाई."

मॅडम म्हणाली, "ते इथं नसतात आजी. मुलं त्यांच्यावर शिकतात. वर्ष-दोन वर्षं. मग आम्ही नीट, फुलं वाहून अंत्यसंस्कार करतो."

"म्हंजी जाळता?"

"हो."

"आन् ही?" आईनं कपाटाकडं हात केला.

"ही इथंच राहतात. मी शिकायला आले त्याच्याही आधीपासून आहेत."

आई बरं म्हणाली. तिला काय वाटलं ते चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. एस्टीत हडपसर गेलं, लोणी गेलं, उरुळी गेली, ती खिडकीतून बाहेर बघत बसली. बोटाला काजळ तसंच होतं. यवतला उतरल्यावर दुकानात आली, मी चहा केला. चहा बशीत ओतला आणि म्हणाली, "मला बी तिथंच द्या."

मी कप आपटला. "येड लागलंय का तुला?"

"त्येंना जाळणार म्हनली ना ती बाई. मग परत एकलीच की पोर."

"अगं आई, ती मेलीय! तिला जीव नाही, डोकं नाही, तिला काय कळतंय एकलं न् दुकलं! आणि आप्पा एका खोलीत, ती दुसऱ्या खोलीत, त्यांची गाठ तरी पडली असेल का?"

"एका छपराखाली तर हाय."

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. आप्पांना शिव्या दिल्या. डॉक्टरांना दिल्या. मी म्हटलं, तुला चितेवर ठेवणार, सावडणार, तुझी राख आंब्याच्या खड्ड्यात घालणार, मला एक तरी माणूस आपल्या हातानं पोचवू दे. मला तू पाहिजे, मेल्यावरसुद्धा. तो नखं असलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्या हॉलमध्ये हिला उताणी टाकलेली, आणि ती जीभ बाहेर काढणारी पोरं. मी रडायला लागले. दुकानात दोन बायका ब्लाऊज न्यायला आल्या होत्या, त्या बाहेरच्या बाहेर गेल्या. शेवटी मी म्हटलं, "बरं, तुला दिलं. मग तुलाही वर्षानं जाळतील. मग काय करशील?"

आईनं माझ्याकडं बघितलं. बशीतला चहा पिऊन टाकला आणि बशी विसळायला उठली.

वर्षश्राद्ध भावानं हट्टानं नदीवरच ठेवलं. दहाव्याला जे राहिलं ते आता तरी होऊ दे, अशी त्याची इच्छा. त्याला मी कपाटाचं काही सांगितलं नव्हतं, आईनंही नाही. तेच ऊन, तीच बाभळ, तेच लोक. पिंड मांडला. कावळे बसले होते. भाऊ पुढं झाला, त्यानं पुन्हा तेच शब्द दिले. चुलत्यांनी बांधाचं पुन्हा सांगितलं, भांडण अर्थात मिटलेलं नव्हतं. कावळे हलले नाहीत. लोक कुजबुजायला लागले.

मग आई पुढं झाली. दहाव्याला ती जागची हलली नव्हती. पदर सारखा केला, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही निघा आता. मी येतीया तिथं. पोरीला एकली ठेवणार न्हाई."

लोकांना वाटलं माझ्याबद्दल बोलतेय. माझ्या सासरच्या माणसांनी माझ्याकडं वळून बघितलं.

मीही हात जोडले होते. ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही त्या कावळ्याला मी मनातल्या मनात हात जोडून सांगत होते, नको येऊ. आप्पा, नका घेऊ तिचा शब्द. माझ्या आईला नका नेऊ तिथं. नको शिवू रे बाबा, नको शिवू.

तो सरळ खाली आला. एकच, मोठा, डोमकावळा. इकडं तिकडं बघितलंही नाही. पिंडात चोच घातली, भात उचलला आणि नदीपार दौंडच्या बाजूला उडून गेला. सगळ्या गावानं सुस्कारा टाकला. म्हाताऱ्यांनी हात जोडले, भावाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणीतरी म्हणालं, "सुटले आप्पा."

जेवणाच्या पंगतीत बुंदीचे लाडू होते. वाढणारा आईला टाळून पुढं चालला, वर्षाची सवय. आईनं त्याला हाक मारून परत बोलावला आणि लाडू घेतला. फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. मी घेईना.

"आई," मी म्हटलं, "तुझ्यानंतर काय? तुला जाळल्यावर?"

ती चावत होती. किती दिवसांनी गोड खात होती. खाऊन झालं, पाणी पिली, पदरानं तोंड पुसलं.

"तवा तू हायेस की," ती म्हणाली आणि लाडू माझ्या हातात दिला.